एकतीस पाव

अंबादास, एक पिक्चर आहे. बघ की बे.
नाव सांगत नाही, मलाच नीट म्हणता येत नाही,
जीभ दाताखाली येते.
कुठल्यातरी थंड देशातला आहे,
तिथं दुपारी तीनला दिवे लावतात
आणि माणसं गप्प,
एप्रिलच्या दुपारी आपली साखर पेठ असते तशी.

बावीस वर्षं झाली बघून.
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
फिल्म सोसायटीवाले बुधवारी दाखवायचे.
मी कुठला सभासद!
गुमास्ते सरांचं प्रोजेक्टर अडलं होतं,
पट्टा बदलला, म्हटलं चालतंय का बघून जावं.
तेरा माणसं, दोन पंखे, बाहेर त्रेचाळीस डिग्री.
पडद्यावर बर्फ पडायला लागला
आणि मी, शप्पथ सांगतो, शर्टाच्या बाह्या खाली केल्या.

गोष्ट एवढीशीच.
गावात एक म्हातारा भट्टीवाला.
पहाटे बोट समुद्रात जाते, एकतीस माणसांची,
प्रत्येकाच्या खिशात त्याचा एकेक गरम पाव.
ती बोट परत येत नाही.
वादळ दाखवत नाहीत, रडारडही नाही.
धक्क्यावर एक दोर दिसतो फक्त,
एक टोक पाण्यात.

दुसऱ्या दिवशी म्हातारा उठतो. मळतो. मोजतो.
एकतीस.
खिडकीत मांडतो, अंधार पडला की उचलतो.
रोज. महिनेच्या महिने.
गाव म्हणतं, ह्याचं डोकं फिरलं.
इथं पिक्चर फार हळू चालतो, आधीच सांगून ठेवतो.
चिप्पांच्या रमेशला मी बळंच बसवलं होतं, तो इथंच घोरायला लागला.
तुला झोप लागली तरी चालेल.
मार्चपासून तू झोपलायस कुठं.

हे तुलाच का सांगतोय, ते कळलंय तुला.
श्रीनिवासचा माग तू रोज पुसतोस,
तेल देतोस, ताणा तसाच,
अर्धा विणलेला टॉवेल तसाच,
आणि स्टार्टर दाबत नाहीस.
मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस.
बिघाड असता तर चारदा खोलून बसवली असती एव्हाना.
मोटारीत काही नाही, अंबादास.

तर पुढं.
एका संध्याकाळी खिडकीत तीसच पाव.
म्हातारा पुन्हा मोजतो. तीस.
दुसऱ्या दिवशीही तीस.
चोर कोण, ते तू बघ.
एवढंच सांगतो, त्याचा हात खिडकीला पुरत नाही,
बर्फात खोक्याचा चौकोनी ठसा आहे,
त्याच्यावर चढून उमटलेली, घसरलेली छोटी पावलं.
म्हातारा ओरडत नाही, पाळत ठेवत नाही.
रात्री करवत घेऊन येतो
आणि खिडकीची फळी
हातभर खाली बसवतो.

मग पीठ मळायला घेतो.
एकतीस गोळे होतात.
हात थांबतो.
परातीत बघतो बराच वेळ,
आणि कडेचं खरवडून अजून एक वळतो,
जरा लहान, जरा वाकडा.
संगीत नाही काही. भट्टीचं झाकण लागल्याचा आवाज,
आणि हॉलमधल्या ट्यूबलाइटी.

बोट आली का?
नाही बे.
बोटी परत येणारा पिक्चर
मी तुला सांगितला नसता.

त्या रात्री मी सायकल हातात धरून चालत निघालो.
पार्क चौकात गाडीवर एक पाव घेतला, नुसताच.
शिळा होता.
सगळा खाल्ला.

आता पोरानं कुठूनतरी शोधून लॅपटॉपवर आणलाय.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात, त्यांच्याकडं बघू नको.
मी शेजारी बसून सांगत जाईन,
अर्धं मराठीत, अर्धं आपल्या तेलुगूत.
बोलणं तसं थोडंच आहे त्यात.
रविवारी ये. नाही आलास तर राग नाही.

फक्त एक. आमची राजमणी भाकरी मोजून थापते,
तुला माहितीये, उरवायची सवय नाही तिला.
काल रात्री कडक भाकऱ्यांसाठी
तिनं डब्यातून पीठ काढलं
आणि झाकण लावता लावता
पुन्हा एक ओंजळ.
मी अजून काहीच बोललो नव्हतो.